उणे अकरा

वडगावात लाइट गेली की
माग एकदम गप होतात
आणि कानांत थोडा वेळ तसेच चालत राहतात.
तेवढ्यात मी कोनाड्यातलं पुस्तक काढतो.
पुठ्ठा नाही त्याला, म्हणून नाव नाही, लेखक नाही.
सुताच्या गाठोड्याखाली रद्दीत आलं होतं.
मी सातवीपर्यंत शिकलेला, पण आवाज मोठा,
म्हणून मास्तर माझ्या तोंडून बोलतो.

मास्तर म्हणजे चिगरे मास्तर.
शाळेच्या कौलांसाठी गावानं दिलेली वर्गणी त्याच्या पेटीत.
पान सत्त्याऐंशीवर पेटीत तीनशे वीस कमी,
आणि त्याच आठवड्यात विधवा तानूच्या ओसरीवर
शिलाई मशीन, तेलाचा वास येणारं, नवंकोरं.
पान एकशे अठराला साहेब तपासणीला येतो,
पेटी उघडतो.
पैसे पुरे.

दोन वर्षं आम्ही यावरच भांडतोय.

भरमू म्हणतो, देवमाणूस.
खायचंच असतं तर सायकल तरी घेतली असती स्वतःला,
चार मैल चालत जातो की शाळेला.
शट्टुप्पा म्हणतो, तानूच्या ओसरीवरनं मास्तर किती वाजता उठला
ते वाच परत.
मी परत वाचतो. तिथं नुसतं 'उशीर झाला होता' एवढंच आहे.
उशीर म्हणजे किती,
यावर एक अख्खी दुपार गेली.

अडिवेप्पा सोसायटीत गुमास्ता होता.
कानडी शाळेत शिकला, मराठी बोट ठेवून वाचतो,
त्यामुळं एकही आकडा त्याच्या हातून सुटत नाही.
कॅलेंडरच्या पाठीवर त्यानं मास्तरचा संसार मांडला:
पगार एकशे चाळीस.
भाडं पंधरा, दूध नऊ,
आईचं औषध बावीस, वाणी छप्पन्न,
धाकट्या भावाला मनिऑर्डर चाळीस.
बेरीज करून चष्मा काढला.
"लेक्क तप्पैती," म्हणाला. हिशोब चुकलाय.
मास्तर दर महिन्याला दोन रुपयांनी बुडतोय,
मग पेटीत तीनशे वीस परत टाकले कुणी?
"लेखकाला गणित येत नव्हतं," शट्टुप्पा.
"तोंड सांभाळ," भरमू,
जणू लेखक त्याचा मेहुणा.

कोपऱ्यात रुक्माक्का हातरहाटावर कांड्या भरत होती.
तिला लाइट लागत नाही. अक्षरही येत नाही.
रहाट न थांबवता म्हणाली,
"पाटल्या."

कसल्या पाटल्या?

"पैल्यांदा त्याची बायको दार लावती
तवा पाटल्या वाजल्या असं वाचलास तू.
तपासणीच्या आदल्या रातीला दार लावलं,
तर निसती कडी वाजली."

मी पानं मागं केली, पुढं केली.
आहे तसंच.
बायकोला पुस्तकभर नाव नाही.
चारदा येते: तीनदा दार लावायला,
एकदा साहेबाला पाणी द्यायला.

अडिवेप्पानं चष्मा घातला.
तीन तोळे धरले, भाव एकशे तीन धरला,
तीनशे नऊ जमा.
भरमू खूश. "बघा, फेडले! चोर कसला?"
"व्हय की," रुक्माक्का म्हणाली, "गावाचे फेडले."
भरलेली कांडी काढली, रिकामी लावली.
"तिचे?"

दोन वर्षं मास्तरला चोर म्हणणारा शट्टुप्पा
आता त्याच्याच बाजूनं बोलायला लागला:
तिनं आपणहून दिल्या असतील.
असतील.
मागितल्याचं पुस्तकात नाही, दिल्याचंही नाही.

लाइट आली. माग सुटले,
त्या खडखडाटात भांडायची सोय नाही.
अडिवेप्पा मात्र धोटा चुकवत माझ्याजवळ आला,
कानाशी ओरडला,
"अकरा रुपये अजून लागत नाहीत!"
मी बोटांनी दाखवलं, पान एकशे नऊ,
ते फाटलंय, आलं तेव्हापासूनच नाही,
तिथं असतील.
त्यानं मान हलवली,
हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही,
आणि कॅलेंडर घडी करून
आतल्या खिशात ठेवलं.